माझ्यामुळेच झालं ना?

"मी हट्ट केला नसता तर वडील आज असते." समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य या ना त्या रूपात फार ऐकायला मिळतं. कुणी अपघाताच्या वेळी गाडी चालवत असतं, कुणाला दवाखान्यात न्यायला एक दिवस उशीर झालेला असतो.

ज्यांच्याविषयी सांगतेय (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत), त्यांनी वडिलांना गावाहून हट्टानं पुण्याला आणलं होतं. महिन्याभरातच सकाळी फिरायला गेलेल्या वडिलांना रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. तेव्हापासून या गृहस्थांनी हौशी नाटकांत काम करणं सोडलं, गादीवर झोपणं सोडलं, आईसमोर बसणं टाळलं. जीव द्यावासा वाटतो का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. ते विचारायचंच असतं. "नाही," ते म्हणाले. "ओयदिपौससारखं भोगायचं. त्यानंही नकळतच बाप मारला, पण डोळे फोडून घेतले."

पुलंनी मराठीत आणलेला 'राजा ओयदिपौस' त्यांना जवळजवळ पाठ होता. ग्रीक नाटकं मी सगळ्यांना सांगत बसत नाही, पण इथे विषय त्यांनीच काढला होता. म्हटलं, मूळ ग्रीक नाटककार सोफोक्लीजनं ओयदिपौसची गोष्ट तिथे संपवलेली नाही.

नव्वदीच्या घरात असताना त्यानं ओयदिपौसच्या अखेरच्या दिवसावर आणखी एक नाटक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 401 मध्ये, नातवानं रंगभूमीवर आणलं. घडतं ते कोलोनसला, अथेन्सजवळच्या सोफोक्लीजच्या स्वतःच्या गावात. आंधळा म्हातारा मुलीच्या आधारानं तिथे पोचतो. नाव कळताच गावकरी म्हणतात, चालता हो. आणि तो चक्क वाद घालतो! मी केलं त्याहून माझ्यावर गुदरलंच जास्त, म्हणतो. पुढे त्याला न्यायला आलेल्या मेहुण्याला, क्रेऑनला, विचारतो: आत्ता इथे कुणी तुझ्या जिवावर उठला, तर तो तुझा बाप आहे का याची आधी चौकशी करशील, की वार परतवशील?

मला मात्र त्यातली दुसरीच एक जागा मोलाची वाटते. सत्य कळलं त्या दिवशी मरण हवंसं झालं होतं. पुढे संताप निवला तेव्हा जाणवलं की चुकीच्या मानानं शिक्षा फार मोठी करून घेतली, हे तो स्वतः सांगतो.

"म्हणजे निर्दोष सुटतो?" गृहस्थांनी विचारलं.

तसंही नाही. अथेन्सचा राजा थीसिअस क्रेऑननं पळवलेल्या त्याच्या मुलींना सोडवून आणतो, तेव्हा कृतज्ञतेनं तो राजाचा हात धरू पाहतो आणि आपण विटाळलेले आहोत म्हणून मागे सरतो. आपला अपराध नव्हता हे ठामपणे सांगणाऱ्यालाही डाग जाणवतोच. आमच्या कामात या दोन गोष्टी सुट्या करायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नंतर आम्ही त्यांच्या शिक्षांची यादी केली. आधी कोणती थांबवायची ते त्यांनीच ठरवलं. गादी परत आली. तालमीला जाऊन बसतात, भूमिका अजून घेत नाहीत. आईशी बोलायचं राहिलंय. सुरुवात कोणत्या वाक्यानं करायची, यातच मागची सगळी बैठक गेली.