गाडी राहू दे, आधी शिपिंग बिलावरची तारीख बघा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यांचा मेल आलाय. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. आजोबांनी 1954 साली मुंबईत घेतलेली जॅग्वार मार्क सेव्हन, ती यांनी 2023 मध्ये न्हावा शेवा बंदरातून इंग्लंडला पाठवली, कॉव्हेंट्रीजवळच्या एका गॅरेजला, रिस्टोअर करायला. काम अजून चालूच आहे, बिल 22,000 पौंडांवर गेलंय, त्यातल्या 7,000 पौंडांवरून गॅरेजवाल्याशी वाजलंय. आता विचारतायत की त्या गॅरेजवर तिकडं केस टाकता येईल का, आणि "आमचीच गाडी आमच्याच देशात परत आणायला टॅक्स का म्हणून भरायचा".

तीन पानं मेल आहे. पहिली दोन पानं गॅरेजवाल्याला शिव्या. तिसऱ्या पानाच्या तळाला एक ओळ, "शिपिंग बिलाचा फोटो सोबत जोडला आहे". शिपिंग बिल म्हणजे माल देशाबाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायचा कागद. साहेब, तुमची सगळी केस त्या फोटोत आहे आणि तुम्ही तो फोटो पेढीवरच्या तराजूशेजारी कागद ठेवून, तिरका, अंगठा मध्ये घालून काढलाय. मार्च 2023 दिसतंय. तारीख 11 आहे की 14 ते अंगठ्याखाली आहे. मी 11 धरून चालतोय.

कारण असं. रिपेअरीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू परत आणताना जी सवलत मिळते ती 30 जून 2017 च्या कस्टम्स नोटिफिकेशन 45/2017 खाली, आणि तिथं मुदत आहे एक्सपोर्टपासून 3 वर्षं. तीन. रिपेअरी संपल्यापासून नाही, शेवटचं बिल भरल्यापासून तर अजिबात नाही. पुरेसं कारण दाखवलं तर कस्टम्सचे कमिशनर ती मुदत वाढवू शकतात, जास्तीत जास्त अजून 2 वर्षं. वाढवू शकतात म्हणतोय, वाढवतातच असं नाही. आज 2 फेब्रुवारी 2026 आहे. 11 मार्च 2023 धरली तर 10 मार्चला तुमची 3 वर्षं भरतात, म्हणजे हातात 36 दिवस, आणि गाडी अजून तिकडं ठोकळ्यांवर उभी आहे, पुढचे दोन दरवाजे निघालेले, तुम्हीच फोटो पाठवलाय. तिकडून न्हावा शेवाला कंटेनर यायला सरळ सुएझमधून आला तरी महिना धरावा लागतो, आणि 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, मग अजून दोन आठवडे. त्यामुळं गाडी वेळेत येणार नाही, हे आज लिहून ठेवा आणि अर्जाला लागा.

अर्ज न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसला जाणार. मुदत संपायच्या आतच अर्ज करा असं नोटिफिकेशनमध्ये शब्दाशब्दात लिहिलेलं नाही, आणि मुदत गेल्यावर अर्ज केला म्हणून तो मेलाच असंही मी म्हणणार नाही, पण मुदतीत आलेला अर्ज आणि मुदत उलटल्यावर रडत आलेला अर्ज यातला फरक टेबलापलीकडच्या माणसाला बरोबर कळतो. पोच घ्या, इनवर्ड नंबर घ्या. कारण म्हणून गॅरेजची पत्रं लावा, कुठला पार्ट कधी मागवला आणि कधी आला त्याचे मेल लावा, तुम्ही लिहिलंय की सिलिंडर हेडसाठीच आठ महिने गेले, तो मेल सगळ्यात वर लावा. 7,000 पौंडांचं भांडण मात्र अर्जात कारण म्हणून घालू नका. "पैशावरून वाद आहे" हे उशिराचं कारण होत नाही, ते तुम्हीच उशीर केला याचा पुरावा होतो.

आता टॅक्स का, ते सांगतो. कस्टम्स ॲक्ट 1962 चं कलम 20 म्हणतं की भारतातून गेलेला माल परत आला की तो आयातच, तसल्याच दुसऱ्या मालाला जी ड्युटी आणि ज्या अटी त्याच यालाही. माझी-तुझी असला हिशोब त्यात नाही. 45/2017 ची सवलत एवढीच की ड्युटी अख्ख्या गाडीवर न लावता रिपेअरीचा वाजवी खर्च, त्यात वापरलेला माल, आणि जाण्यायेण्याचं भाडं अन् विमा, एवढ्यावरच लावायची. दर मात्र गाडीचाच. परदेशातून येणाऱ्या जुन्या मोठ्या इंजिनाच्या गाडीवर सगळं मिळून किमतीच्या दुपटीच्या वर जातं. तुमची 3,442 सीसीची आहे, छोट्या गाडीच्या दरात बसायची आशा सोडा.

तुमचेच आकडे घेऊ. रिपेअरी 22,000 पौंड, दोन्हीकडचं भाडं आणि विमा धरून साधारण 8,000, झाले 30,000. पौंड 120 रुपये धरला तर 36 लाख. त्याची दुप्पट 72 लाख, आणि हा मी कमीत कमी आकडा सांगतोय. बसलाय ना धक्का, बसू दे. आता सवलत गेली असं धरा. मग गाडी नव्यानं आयात केल्यासारखी, रिस्टोअर झालेल्या गाडीची तिकडं जी किंमत होईल ती, तुम्हीच 80,000 पौंड लिहिलीय, वर येतानाचं भाडं-विमा 4,000. 84,000 म्हणजे 1 कोटी 80 हजार, आणि ड्युटी 2 कोटींच्या वर. हा सव्वा-दीड कोटीचा फरक त्या एका तारखेवर लटकलाय आणि तुम्ही 7,000 पौंडांवर, म्हणजे 8 लाख 40 हजारांवर, दोन पानं लिहिलीयत.

काही एजंट सांगतात की जुनी गाडी कस्टम्सच्या दरपत्रकातल्या 9705 नंबराखाली, म्हणजे ऐतिहासिक संग्राह्य वस्तू म्हणून, कमी दरात काढून देतो. तुमच्याही एजंटानं सांगितलं असणारच. वाद घालता येतो, पण मी त्यावर घरचं बजेट बांधणार नाही. रिपेअरीच्या खर्चावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, कसा लावायचा यावरूनही विमान कंपन्यांनी दिल्लीत मोठी भांडणं लढलीयत, त्याचा फायदा तुम्हाला मिळेल का हे आज कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा. आणि ते "गॅरेजवाल्याला 9,000 चं बिल करायला सांगतो" हे परत लिहू नका, मेलमध्ये तर नाहीच. नोटिफिकेशनमध्ये शब्दच असे आहेत की खर्च प्रत्यक्षात झालेला असो वा नसो, वाजवी खर्च धरायचा. फुकट केलं म्हणालात तरी कस्टम्सवाले स्वतःचा आकडा लावणार, आणि खोटं बिल सापडलं तर कलम 111 खाली गाडीच जप्तीला जाते, मग आजोबांची आठवण सरकारी गोदामात.

मुदतवाढ मिळाली तरी अजून दोन गोष्टी आडव्या येणार. गेलेली आणि आलेली गाडी तीच आहे हे पटायला पाहिजे, आणि मधल्या काळात मालकी बदललेली नको. पहिल्यात तुमच्या एजंटानं शिपिंग बिलावर वर्णन काय केलंय तर "जुनी वापरलेली मोटारकार, नग 1", आणि चासी नंबरात शेवटचा आकडा खाल्लाय, आरसी बुकशी ताडून बघा. कलम 149 खाली शिपिंग बिलात दुरुस्ती मागता येते, पण गाडी गेल्यावर मागायची तर एक्सपोर्टच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर. म्हणजे आरसी, तेव्हाची विमा पॉलिसी, कंटेनरमध्ये चढवताना काढलेले फोटो. आज नवीन सर्टिफिकेट काढून आणलं तर उपयोग शून्य. हाही अर्ज त्या मुदतवाढीबरोबरच टाका, दोन चकरा कशाला.

दुसरं, मालकी. तुम्ही अगदी सहज लिहिलंय की टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी तिकडं लेस्टरच्या पुतण्याच्या नावावर रजिस्टर केली, "फक्त कागदोपत्री". अहो, आमच्या धंद्यात सगळं कागदोपत्रीच असतं! सुदैवानं इंग्लंडच्या त्या व्ही फाइव्ह सी नावाच्या नोंदणीच्या कागदावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं, तो मालकीचा पुरावा नाही असं तिकडचं खातंच सांगतं. त्यावर आपण टिकू, बहुतेक. पण पुतण्याबरोबर विक्रीचा, बक्षिसाचा, कसलाही एका ओळीचा कागद केला असेल तर मला आजच सांगा, नंतर सुनावणीत कळायला नको. आणि 15,000 पौंड त्याच्याच खात्यातून गेलेत, म्हणजे पैसे तुमचे होते हे दाखवायचं कामही आता वाढलं.

गॅरेजवर केस? तिकडचा कायदा माझा नाही, तिकडच्या सॉलिसिटरला विचारा. मला एवढंच दिसतंय की पैसे थकले की गॅरेजवाला गाडी अडवून धरणार, आणि अडवलेली गाडी तुमच्या 3 वर्षांना विचारत नाही. 7,000 भरा, पावतीवर "हक्क राखून" असं लिहून भरा, गाडी सोडवा, मग सवडीनं भांडा. भांडायला इथं कोर्ट आहेच असं म्हणाल, आणि खरंय, 40 वर्षांवर आंदोलनं करून ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, भाऊसिंगजी रोडवर आम्ही पेढे वाटले. पण तुमचं प्रकरण न्हावा शेवाचं, ते बहुधा मुंबईलाच जाणार. आधी 60 दिवसांत कमिशनर अपील्सकडं अपील, साडेसात टक्के आधी भरून, मग मुंबईचं ट्रिब्युनल, तिथं तारखा कशा पडतात ते विचारू नका, माझ्या एका पक्षकाराचा माल सुटेपर्यंत मालाचा भंगार झाला होता. तोवर कंटेनरचं भाडं रोज चालू. मुदतवाढीचा निर्णय लटकलेला असताना गाडी येऊन पोचली तर कलम 18 खाली प्रोव्हिजनल असेसमेंट, म्हणजे ड्युटीची तात्पुरती आकारणी, मागा, बाँड द्या, बँक गॅरंटी द्या, पण गाडी बंदरात ठेवू नका.

आरटीओचं थोडक्यात. 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत 81ए पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आलेत, 50 वर्षांच्या वरची गाडी, नंबरप्लेटवर व्हीए, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आणि तुम्ही तिकडं पॉवर स्टिअरिंग बसवून घेताय, "गाडी जड जाते म्हणून". दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा कुणी म्हणतं का हिला पॉवर स्टिअरिंग टाका? आता बसवलंच असेल तर काढता येतं का विचारा, आणि बिलावर "अपग्रेड", "मॉडिफिकेशन" असले शब्द येऊ देऊ नका, अर्थात काम खरंच मूळ पद्धतीचं असेल तर. व्हिंटेज नोंदणी झाली की रोज पेढीवर घेऊन जाता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. ते तुम्हाला चालणार नसेल तर जुनी नोंदणी चालू ठेवायची वेगळी वाट बघू, ते घाईचं नाही.

एक मात्र तुमच्या नशिबानं बरं झालंय. पूर्वी 1950 च्या आधीच्याच गाड्या मोकळेपणी आणता यायच्या, 1954 ची अडली असती. 2025 मध्ये ते बदलून 50 वर्षांच्या वरच्या गाड्यांना वाट मोकळी झाली. म्हणजे सवलत गेली तरी गाडी येईल, फक्त 2 कोटी घेऊन येईल. हा असाच प्रश्न घेऊन मागच्या सहा महिन्यांत माझ्याकडं आलेले तुम्ही तिसरे, आणि तिघांनीही गाडी बाहेर पाठवायच्या आधी इथल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत एकदा चौकशी केली नव्हती. तिथल्या लेथवर काय बनत नाही हो.

उद्या सकाळी 11 च्या आत शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि आरसी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन स्कॅन करून पाठवा. सपाट, सरळ, अंगठ्याशिवाय. तारीख 14 निघाली तर आपल्याला तीन दिवस जास्त मिळतील, आणि मला ते तिन्ही लागणार आहेत.