हशा उतरू लागला की वाक्य घे

सोलापूरच्या प्रयोगात नाटकाची पहिली दहा मिनिटं कुणी हसलं नाही म्हणून आवाज चढवू नकोस. काळ्या विनोदात, म्हणजे मृत्यूसारख्या गंभीर गोष्टींवरच्या विनोदात, लोक आधी शेजाऱ्याकडे बघतात, मग हसतात. हशा शिगेला पोचून उतरू लागला की पुढचं वाक्य घे. पूर्ण विरेपर्यंत थांबलास तर लय मेलीच. सोलापुरात तेलुगू, कन्नड घरांतले प्रेक्षक बरेच असतात, त्यामुळे नुसत्या शब्दांच्या कोटीवर प्रसंग उभा करू नकोस, कृतीची जोड दे. मृत्यूच्या प्रसंगातली शांतता म्हणजे नापसंती नव्हे, ती घाईने भरू नकोस. कुणी ओरडलं तर भूमिकेतच दोन सेकंद स्थिर राहा. उत्तरादाखल स्थानिक पुढाऱ्याचं नाव तर मुळीच घुसवू नकोस: नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने मंजूर केलेल्या संहितेबाहेरचं वाक्य अख्ख्या संचाला अडचणीत आणतं.