पर्फच्या अहवालात फंक्शनची नावे का येत नाहीत?

प्रश्न : आमचा सी प्लस प्लसमधील प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर संथ चालतो. कारण शोधण्यासाठी पर्फ या लिनक्सवरील वेग मोजण्याच्या साधनाची ‘पर्फ रेकॉर्ड -जी’ ही आज्ञा वापरली. पण अहवालात नावांऐवजी ‘अननोन’ आणि नुसते पत्ते येतात आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ही साखळी दोन पायऱ्यांतच तुटते. ‘सुडो’ने, म्हणजे रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने चालवले, पर्फ पुन्हा इन्स्टॉल केले, तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : बिघाड पर्फमध्ये नाही. ‘सुडो’ने मोजमापाची परवानगी मिळते, पण जी माहिती तुमच्या बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत) नाहीच, ती परवानगीने येणार नाही. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

नावे दिसत नाहीत, कारण बिल्ड करताना सिम्बॉल टेबल (फंक्शनची नावे आणि त्यांचे पत्ते यांची यादी) काढून टाकलेले, म्हणजे ‘स्ट्रिप’ केलेले असावे. बायनरीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवून पाहा. शेवटी ‘नॉट स्ट्रिप्ड’ऐवजी ‘स्ट्रिप्ड’ आले, तर शंका उरत नाही. स्ट्रिपची पायरी वगळून पुन्हा बिल्ड करा आणि नोंदही नव्याने घ्या, कारण जुनी नोंद जुन्या बायनरीचीच असते.

साखळीचे दुखणे अधिक खोल आहे. पर्फ फ्रेम पॉइंटर (स्टॅक या मेमरीतील चालू फंक्शनची जागा दाखवणारा पत्ता) धरून एकेक पायरी मागे जाते आणि जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान) करताना, प्रोसेसरमधले एक रजिस्टर मोकळे व्हावे म्हणून, नेमका तोच वगळतो. ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ हा पर्याय देऊन कंपाइल करा. वेग किंचित कमी होतो. पण सर्व्हरवर दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ही किंमत जरूर मोजावी, असे माझे ठाम मत आहे. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून त्यांची पॅकेजेसही फ्रेम पॉइंटरसह बांधली जातात. त्याआधीच्या आवृत्त्यांवर तुमचा कोड नीट असूनही लायब्ररीत साखळी तुटू शकते.

पुन्हा कंपाइल करणे शक्यच नसेल, तर पर्फचा ‘--कॉल-ग्राफ ड्वार्फ’ हा पर्याय वापरा, तो फ्रेम पॉइंटरशिवाय साखळी जुळवतो. मात्र यात दर नमुन्यासोबत (पर्फ ठरावीक गतीने घेते त्या प्रत्येक नोंदीसोबत) स्टॅकचे ८१९२ बाइटपर्यंत उचलले जातात, त्यामुळे सेकंदाला ४००० नमुने या मूळ गतीने एका व्यस्त कोअरमागे दर सेकंदाला सुमारे ३२ मेगाबाइट साचतात आणि डिस्कला ते पेलले नाही, तर नमुने गळू लागतात. गती ९९ वर आणली, की हाच आकडा एक मेगाबाइटच्या आत येतो.

केवळ कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) फंक्शनची नावे गायब असतील, तर ‘केपीटीआर_रिस्ट्रिक्ट’ ही सेटिंग तपासा. तिचे मूल्य २ असल्यास रूटलाही कर्नलचे पत्ते शून्यच दिसतात.