सीईटी चांगली गेली तर पीयूसीचे मार्क कोण बघतंय?

तुमचा प्रश्न असा की मुलगी बेळगावकडच्या खानापुरात पीयूसी सेकंड इयर सायन्सला (म्हणजे कर्नाटकातली बारावी) आहे, इंजिनीअरिंगला जायचंय आणि क्लासवाले सांगतात, "बोर्डाचं टेन्शन घेऊ नका, फक्त सीईटी मारा." हे ऐकायचं का?

ऐकू नका. निदान कर्नाटकातल्या कॉलेजात घालायची असेल तर नाहीच.

आमच्या घरात हे 2018 साली होऊन गेलंय. मामा कोल्हापूरचे. त्यांनी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, बारावी नुसती पास हो, सगळं सीईटीवर असतंय. मामांचं चुकलं नव्हतं, पण ते त्यांच्याकडचं सांगत होते. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची मेरिट सीईटीवर लागते, बारावीला ठरलेली किमान टक्केवारी असली की झालं. कर्नाटकात केसीईटीची, म्हणजे तिथल्या सीईटीची, रँक काढताना फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे बोर्डाचे मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात.

भावाला बोर्डात पीसीएमला 62 टक्के, सीईटीत 180 पैकी 99, म्हणजे 55 टक्के. दोन्हींची सरासरी 58.5. त्याच्या बाकावरच्या पोराला सीईटीत 72 च, म्हणजे 40 टक्के, पण बोर्डात 94. त्याची सरासरी 67. सत्तावीस प्रश्न जास्त बरोबर सोडवून आमचा गडी मागं. मामांशी तो वर्षभर नीट बोलला नाही. (आता तेच मामा गणपतीला हा किस्सा हसत सांगतात.)

बोर्डाचे मार्क कमी पडले तरी आता त्याच वर्षी पीयूसीची परीक्षा पुन्हा देऊन सुधारता येतात. भावाच्या वेळी ही सोय नव्हती.

केसीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही गोल रिकामा सोडायचा नाही. ही सवय मेडिकलच्या नीटला मात्र नेऊ नका, तिथं चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो.

तुमचं खानापूर म्हटल्यावर आणखी एक. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून धरतात. त्यासाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची सीईटी, वेगळी द्यावी लागते आणि मातृभाषेचा दाखला शाळेकडून आधीच काढून ठेवावा लागतो. जूनमध्ये हेडमास्तर गावाला गेलेले असले की काय होतं, ते आम्ही बघितलंय. या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, त्याला टक्के समजू नका. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण दहा जण तुमच्या पुढं, मार्क कितीही असोत.

गंमत म्हणजे पलीकडं जत, अक्कलकोटच्या कन्नड पोरांनाही कर्नाटकात अशीच वाट आहे, फक्त त्यांना कन्नडची एक परीक्षा द्यावी लागते.

मुलीचा स्वभाव बघा. पाठ करून नेटकं लिहिणारी असेल तर केसीईटीत तिचा फायदा. बोर्डाला कंटाळणारी पण गणितं झटपट सोडवणारी असेल तर एमएचटी-सीईटीचा फॉर्म आजच भरायच्या यादीत घाला. दोन्ही दिल्या तरी बिघडत नाही, तारखा तेवढ्या एकमेकींवर येत नाहीत ना ते बघून घ्या.