दोन भाषा, एकच किंकाळी

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलंय. मराठी आणि हिंदीत एकाच वेळी चित्रित होणाऱ्या एका भयपटासाठी ऑडिशनचा व्हिडिओ मागवलाय. घरात सगळे मराठीच बोलतात. तयारी कशी करू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी हिंदीकडे बघा, गाडी तिथेच अडते. व्याकरणापेक्षा शब्दाच्या शेवटचा हकार जास्त दगा देतो. आपण हात, भूक, धोका म्हणतो. हिंदीत हाथ, भूख, धोखा. ‘मैं’ आणि ‘नहीं’मधला अनुनासिक आपण गिळतो. मराठी ‘जग’मधला ज दातांशी उच्चारतात, हिंदीतला टाळूशी. संवाद स्वतःच्या हाताने लिहून काढा, अशा अक्षरांखाली लाल रेघ मारा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

दुसरी गोष्ट मात्र तालमीशिवाय कळत नाही. ‘तिकडे जाऊ नकोस’मध्ये जोर शेवटच्या शब्दावर येतो; ‘उधर मत जाओ’मध्ये तो एक शब्द आधी, ‘मत’वर. हात पकडणं किंवा मान वळवणं मराठीच्या वेळेवर ठेवलं, तर हिंदी टेक डब केल्यासारखा वाटतो. म्हणून दोन्ही संहिता वेगवेगळ्या पाठ करा, मनात भाषांतर करत बोलू नका.

व्हिडिओसाठी मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. चौकट छातीपासून वर, मागे कोरी भिंत. खिडकी तुमच्या समोर हवी. पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. पंखा बंद. समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती लेन्सला खेटून उभी राहू दे, पण तिने हळू वाचावं, नाहीतर मोबाइलजवळचा तिचाच आवाज मोठा येतो. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज इथे नको. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव सांगा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा. दोन भाषांच्या फाइल वेगळ्या ठेवा.

किंकाळी मागितलीच असेल तर ती पोटातून काढा. तालमीत ती फक्त शरीराने करा. पूर्ण आवाजात दोन-तीनदाच, आणि घसा खवखवला की थांबा. खरी भीती किंकाळीच्या आधीच्या क्षणात असते : श्वास अडकतो, नजर एका जागी थिजते. तो क्षण घाईत सोडून देऊ नका.

सेटवर बहुधा तोच शॉट आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत होतो. बिनसंवादाचे शॉट मात्र एकदाच घेऊन दोन्हीकडे वापरता येतात. मधल्या वेळात धाप ओसरते, घाम सुकतो. दुसऱ्या टेकआधी जागच्या जागी थोडं धावून घेतलं की श्वास पुन्हा जुळतो.

मुंबईत पुढच्या फेरीला बोलावलं, तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. लगेच खोली भाड्याने घेऊ नका. ऑडिशनसाठी कुणी नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथून सरळ निघा.

प्रश्न : मुलीने भयपट केला तर तिच्यावर कायमचा शिक्का बसेल का? करारात काय बघावं?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर : एका चित्रपटाने शिक्का बसत नाही, त्याच साच्यातल्या भूमिका ओळीने स्वीकारल्या तर बसतो. वैदेही परशुरामी यांनी २०१८ मध्ये मराठीत डॉ. काशिनाथ घाणेकरांवरचा चरित्रपट आणि हिंदीत ‘सिंबा’ केला, त्यानंतर २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ हा भयविनोदी चित्रपट.

करारात ‘द्विभाषिक’ हा शब्द लेखी हवा. पूजा सावंत यांच्या ‘लपाछपी’चा (२०१७) हिंदी रिमेक ‘छोरी’ (२०२१) आला, त्यात मुख्य भूमिका नुसरत भरुचा यांनी केली. रिमेक हे वेगळं काम असतं, मराठीतल्या भूमिकेमुळे हिंदीतली आपोआप मिळत नाही. मानधन एका भाषेचं की दोन्हींचं, हिंदी डबिंग तिच्याच आवाजात होणार का आणि त्याचे दिवस वेगळे मोजणार का, हे सहीआधी लिहून घ्या.

चेहऱ्यावर कृत्रिम कातडी चिकटवणार असतील, तर तो गोंद २४ तास आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायला सांगा. पांढऱ्या डोळ्यांच्या लेन्स तिच्या मापाच्या, डोळे तपासूनच बसवलेल्या हव्यात. दुसऱ्याने वापरलेल्या असतील तर ठाम नकार द्यायला तिला शिकवा.