बॅचचं गेट-टुगेदर, दारव्ह्याजवळ

(आलेलं पत्र, थोडं कापून)

ताई, आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. नागपूरला एमबीए केलं, २००४ ची बॅच. यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बॅचचं गेट-टुगेदर आहे. हॉटेलात नाही, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका मित्राच्या गावी. त्याने मुंबईतली बँकेची नोकरी सोडली, आता वडिलांची शेती पाहतो आणि तुरीची दाल मिल चालवतो. त्याची बायको आमच्याच वर्गातली, खूप हुशार होती, आता घर सांभाळते आणि मिलचे हिशेबही बघते. तीन दिवस राहायचं आहे. माझी बायको पुण्याची. तिचं म्हणणं, हे तीन दिवस तिच्या आईकडे काढावेत. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९. मित्राने मिल वाढवायचं ठरवलंय आणि दोनदा म्हणाला, 'तू भागीदार होऊन जा ना बे.' आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणालाच माहीत नाही. माझी नोकरी मार्चमध्ये गेली. सध्या कॉन्ट्रॅक्टवर, जवळपास निम्म्या पैशांत काम करतोय. सगळे अजून मला डायरेक्टरच समजतात. जावं का? पैसे घालावेत का? आणि तिथे विचारलं तर सांगायचं काय?

– एक वाचक

उत्तर

जा. मात्र तिकिटं काढण्याआधी दारव्ह्याला एक फोन करा, आणि तिकडे फोन स्पीकरवर ठेवायला सांगा.

स्पीकर कशासाठी, ते आधी. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. 'आता घर सांभाळते आणि मिलचे हिशेबही बघते.' त्या 'ही'मध्ये किती काम दडलंय, याचा अंदाज बॅचमधल्या एकाला तरी आहे का? मी वर्ध्याकडची, आमच्या नात्यात अशा गिरण्या आहेत, म्हणून सांगते. नवी तूर जानेवारीपासून बाजारात यायला लागते आणि मिलवाल्याला वर्षभराच्या मालाची बरीचशी खरेदी त्याच दोन-तीन महिन्यांत करावी लागते. शेतकऱ्याचे पैसे लगेच मोजायचे. डाळ विकली जाणार हळूहळू, आणि व्यापारी ती उचलणार उधारीवर. मधल्या काळात बँकेचं व्याज चालूच. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० किलो डाळ पडते, बाकीची चुरी आणि फोलपट गुरांच्या खाद्याला जातं. त्या चुरीला काय भाव मिळाला यावरही महिन्याचा नफा हलतो. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल ठरला. पण २०२१ मध्ये केंद्राने तुरीची आयात खुली केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली, त्यामुळे म्यानमार आणि मोझांबिकच्या तुरीकडे डोळा ठेवूनच इथल्या मिलवाल्याला माल भरावा लागतो. यात 'हिशेब बघणं' म्हणजे खेळतं भांडवल, साठा आणि वसुली. तुमच्या वर्गात ज्याला फायनान्स म्हणत, तेच हे. ती तिथल्या कंपनीची सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख आहे, फक्त तिच्या दारावर पाटी नाही.

तेव्हा तीन दिवस तिला 'वहिनी, चहा होईल का?' करत बसू नका. वर्गात तुम्ही तिला नावाने हाक मारत होता ना? मग तेच नाव घ्या. मित्राशी लग्न झालं म्हणून वर्गमैत्रिणीची वहिनी होते, हा आपल्याकडचा फारच सोयीचा रिवाज आहे. हे मी एकट्या तुम्हाला म्हणत नाही. बॅचमधले तुम्ही सगळे जण मुक्कामी जाणार, तर स्वयंपाकाला गावातल्या बायका लावा आणि त्यांचा खर्च सगळ्यांनी मिळून द्या. हे ग्रुपवर आत्ताच ठरवा, तिने मांडायची वाट बघू नका. ती मांडणार नाही. आमच्याकडे पाहुण्याला खर्च विचारणं म्हणजे घराण्याची अब्रू गेल्यासारखं मानतात.

आता पैशांचं. मित्र तुम्हाला भागीदार व्हायला का सांगतोय, याचा विचार केलात? गावात पैसेवाले नाहीत असं नाही. त्याला तुम्ही डायरेक्टर वाटता. म्हणजे तुमचं मौन आता तुमच्यापुरतं उरलेलं नाही. त्याच्या मिलच्या नियोजनात ते शिरलंय. तुमच्या भरवशावर तो मशिनची चौकशी करत असेल, बँकेत बोलत असेल. 'बघू', 'विचार करतो' असं म्हणत तुम्ही डिसेंबर गाठलात आणि तिथे पहिल्या रात्री शेकोटीजवळ विषय निघाला, तर खरं सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. म्हणून फोन आधी. आणि दोघांना एकदम, कारण पैशांचा निर्णय दोघांचा आहे.

फोनवर लांबण लावू नका. 'मार्चमध्ये नोकरी गेली, सध्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, यंदा पैसे घालणं जमणार नाही. मिलचा विषय मात्र मला ऐकायचाय.' एवढं पुरे. समोरून शांतता येईल असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं 'अबे मग आधी सांगायचं ना' येईल, आणि मागोमाग त्याच्या मागच्या हंगामाची रडकथा. ज्याने पावसाच्या आणि बाजाराच्या भरवशावर इतके हंगाम काढलेत, त्याला वर्ष वाईट जाणं नवीन नाही. ते नवीन आहे ते तुमच्या ग्रुपवर, जिथे बढतीचे फोटो टाकतात आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. तिथे गप्प बसलेले तुम्ही एकटेच असाल, असं मानू नका. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याची नोकरी गेली की सर्वसाधारणपणे ६० दिवसांत दुसरी व्यवस्था करावी लागते. असे ६० दिवस मोजणारा ग्रुपवर 'अभिनंदन भावा' लिहीतच असतो.

सगळ्या ग्रुपला सांगायचं की नाही, हे तुमच्यावर सोडते. सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. पण तिथे कोणी विचारलं तर खोटं बोलू नका, आणि मुलीला आधीच कल्पना द्या. १४ वर्षांच्या मुलीला घरातले पैसे कमी झालेले कळतात. बाबा चारचौघांत वेगळंच बोलतात, हेही तिला कळेल.

पुढे कधी पैसे घालायचेच झाले, तर काही गोष्टी आत्ताच माहीत असू द्या. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, पण तीही विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. कोणी 'जमीन माझ्या नावावर घेऊ, तुझा वाटा तोंडी' म्हणालं, तर तो कितीही जिवलग असो, नको म्हणा. असे तोंडी वाटे पुढच्या पिढीत कोर्टात उभे राहतात. शेतकरी उत्पादक कंपनीत सभासद उत्पादकच होऊ शकतो, तेव्हा तो मार्गही तुम्हाला बंद. दाल मिल हा प्रक्रिया उद्योग आहे. त्यात अनिवासी भारतीयाला, पैसे परत परदेशी न नेण्याच्या अटीवर, भांडवल घालता येतं. मात्र शेती आणि मिल एकाच फर्ममध्ये असेल तर अडचण, कारण शेती करणाऱ्या फर्ममध्ये अशी गुंतवणूक चालत नाही. हे त्याला विचारा. तिला विचारलंत तर लवकर उत्तर मिळेल. आणि मैत्रीखातर नुसते पैसे पाठवून द्यावेत म्हणाल, तर आयकर कायद्यात मित्र हा नातेवाईक धरला जात नाही. वर्षभरात अशा भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की त्या सगळ्या रकमेवर त्याला कर पडतो. कागद करण्याआधी परदेशी चलनाच्या नियमांतला माहीतगार सीए गाठा, तुमचा आणि त्याचा वेगवेगळा.

राहिला बायकोचा प्रश्न. त्यांचं मला पटतं. सुट्टी मोजकी, आई वयस्कर, आणि बॅच तुमची. तीन दिवस तुमच्या हॉस्टेलच्या आठवणींवर हसायचं आणि कोण कोणाचा रूममेट होता हे लक्षात ठेवायचं, ही शिक्षा त्यांना कशाला? त्यांना पुण्याला राहू द्या. मुलांना विचारा, येतो म्हणाली तर न्या. मात्र 'बघा, खेड्यातले लोक किती समाधानी असतात' हे भाषण मुलांपुढे नको. त्या घरातली मुलं ऐकत असतात, आणि त्यांच्या डोक्यात कदाचित नागपूरचा नीटचा क्लास चालू असतो. तुमच्या मुलांना मिल दाखवा. तूर खरवडून, तेल लावून, पाणी मारून उन्हात वाळवतात आणि मग भरडतात. घरच्या वरणातली डाळ इतक्या हातांतून जाते, हे बघायला नऊ वर्षांच्या मुलाला मजा येईल. डिसेंबरात कपाशीची वेचणी चालू असते, संत्र्याचा आंबिया बहार बाजारात असतो, आणि कोणाकडे ज्वारी पेरलेली असली तर हुरडाही मिळेल. हल्ली ज्वारी कमी झालीय, तेव्हा हुरड्याचा हट्ट धरू नका. रोडगे आणि वांग्याची भाजी मात्र नक्की मागा. रात्री थंडी चांगलीच असते. 'विदर्भ म्हणजे ऊन' समजून परदेशातले लोक स्वेटर पुण्यात ठेवून येतात आणि मग यजमानांच्या शाली पांघरून फिरतात.

एक लक्षात घ्या, तुमची सुट्टी म्हणजे त्यांचा हंगाम. नव्या तुरीच्या तोंडावर मिलची डागडुजी, बारदान, बँकेची कर्जमर्यादा वाढवून घेणं, सगळं त्याच आठवड्यांत असतं. सकाळी दहा ते चार दोघंही तुमच्या वाट्याला येतील, ही अपेक्षा नको. त्या वेळात बॅचने गावात लुडबुड करण्यापेक्षा एखाद दिवस गाडी काढून सेवाग्राम-पवनार करून यावं. शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेने दारव्ह्याला उतरू, असं कोणी ग्रुपवर लिहिलं असेल तर त्याला सांगा, ती गाडी बंद झाली. नागपूरला उतरून वर्धा-यवतमाळ मार्गे मोटारीनेच यायचं.

फोन रविवारी करा, भारतातल्या रात्री नऊनंतर. तेव्हा मिल बंद असते, जेवणं झालेली असतात आणि दोघं एका जागी सापडतात. तुमच्याकडे सकाळचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतील.