महापालिकाच कर्जात असताना जुन्या बाजारपेठेतल्या इमारती जपायच्या कशा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शहराची पालिका डबघाईला आलीय, पगारही रखडतात, आणि मुख्य पेठेतल्या शंभरेक वर्षांच्या इमारती पाडून मोकळं व्हावं असं आता नगरसेवकच म्हणू लागलेत. मुंबईत हे कसं जमवतात, असा तुमचा प्रश्न आहे. मी गिरगाव-फोर्ट भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

मुंबईत जमतं असं मुळीच समजू नका. एवढ्या पैसेवाल्या शहरात काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, 2019 मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून इथे उभा केलेली ही इमारत. 7 जुलै 1896 ला ल्यूमिए बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. वारसा यादीत नाव होतं, आत वकिलांची ऑफिसं आणि दुकानं होती. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

अशीच गत इथल्या हजारो साध्या इमारतींची आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीचं भाडं इतकं तुटपुंजं, की मालक म्हणतो दुरुस्ती कशातून करू, आणि भाडेकरू म्हणतो इमारत कुठे माझी आहे. मग 1969 मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणलं, इमारतींवर सेस म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर लावला. तेव्हा सेसच्या इमारती 19,642 होत्या. मंडळाच्या दुरुस्तीलाही खर्चाची मर्यादा असते. त्यापलीकडे काम गेलं की पुनर्विकासाची वाट बघा, आणि तोवर टेकू लावून राहा.

नुकसान कसं होतं ते सांगतो. गिरगावातल्या एका चाळीत मागचा जिना खचला म्हणून मला बोलावलं होतं. सागवानी तुळई दिसायला ठणठणीत, ठोकली तरी खणखणीत आवाज. पण ती भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर जाऊन पाहिलं, तर नेमक्या त्याच जागी पावसाळी पाइपचा सांधा सुटलेला, त्यात पिंपळ उगवलेला, आणि चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटने ती आतच कोंडली आणि तुळईचं टोक कुजलं. सांधा वेळेवर बसवला असता तर एका दिवसाचं काम होतं. आता जिना, तुळया, भिंतीचा मोठा पट्टा, सगळंच उकलावं लागलं.

त्यामुळे तुमच्याकडे जो काही थोडाफार पैसा असेल तो दर्शनी भागाच्या रंगरंगोटीवर घालवू नका, अशी कळकळीची विनंती. छप्पर, गच्चीचा कोबा, पन्हळी, पाइप आणि भिंतीतली झाडं, एवढंच करा, पण पेठेतल्या सगळ्या इमारतींचं करा. पाणी थांबलं की इमारत तग धरते, पैसा येईपर्यंत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडलं ते 2016 मध्ये उघडलं. तेवीस वर्षं बंद राहूनही ते परत उभं राहू शकलं, कारण कुणी पाडलं नव्हतं.

मुंबईचा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, तुम्हाला कुणी सुचवेल. 1995 च्या नियमावलीने वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय केली. उपनगरात जागेला भाव आहे म्हणून इथे त्याला किंमत आली. तुमच्याकडे जमिनीलाच गिऱ्हाईक नसेल तर तो हक्क घेणार कोण? पण याचीच दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. इथे जमिनीच्या भावामुळेच जुनी इमारत पडावी म्हणून टपून बसलेले असतात. तुमच्याकडे तेवढी घाई कुणाला नाही. पाडलेल्या जागी नवं बांधायलाही कुणी येणार नाही, नुसता मोकळा प्लॉट पडून राहील, आणि त्यावरचा करही बुडेल.

दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत, ठरलेल्या मापात बसवायचं काम झालं. त्यात दुकानदार स्वतः उतरले आणि त्याला 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा गौरव मिळाला. तुमच्या पेठेतही व्यापाऱ्यांना आधी विश्वासात घ्या. जो मालक छप्पर दुरुस्त करेल त्याला काही वर्षं मालमत्ता करात सूट द्या. वरचे रिकामे मजले क्लास, गोदाम, शिलाईकाम, ज्याला कमी भाड्यात जागा हवी त्याला द्या. माणूस राहतो तिथे गळती पहिल्या पावसातच कळते.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. या इमारती पालिकेच्या आहेत, ट्रस्टच्या आहेत, की पाच-पंचवीस वारसांत वाटलेल्या खासगी? सात-बारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावं कुणाची आहेत ते पाहून इथेच कळवा. भांडणातल्या वाड्यावर पालिकेला हात लावता येतो का, हे त्यावर ठरेल, आणि पावसाळ्याआधी कुठून सुरुवात करायची तेही.